अडलेले काडतूस, अडलेली जागल

नागपूर-हैदराबाद महामार्गावरील वडनेरच्या शिवारात सोयाबीन शेंगेला लागले की जागल सुरू होते. सोयाबीन निघते न निघते तोच तूर, मागोमाग हरभरा. म्हणजे कास्तकाराची रात्र माघ-फाल्गुनापर्यंत वावरातच जायची. रानडुकरांचा कळप एका रात्रीत उभे पीक कसे उलथून टाकतो, हे हिंगणघाट तालुक्यात कोणाला सांगावे लागत नाही. अशा जागलीवर मोजक्या घरांपाशी वारसाने आलेली, परवान्याची बंदूक असते. बहुधा ती ठासणीची वा एकनळी. क्वचित बारा बोअरची जुनी पंप बंदूक. आणि नेमक्या वेळी त्या पंप बंदुकीत काडतूस अडते.

हा बिघाड गूढ नाही. नळीखालच्या नळकांड्यात काडतुसे एकामागे एक बसतात आणि स्प्रिंग त्यांना मागे रेटते. पुढची लाकडी मूठ मागे ओढली की रिकामे टरफल बाहेर पडते, नवे काडतूस पाळण्यावर येते. मूठ पुढे ढकलली की ते नळीत बसते. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या बंदुकीत तेल गोठून चिकट होते, नळकांड्यात धूळ आणि गंज साचतो, स्प्रिंग मरगळते. काडतूस रोखून धरणारी पट्टी झिजली तर एकाऐवजी दोन काडतुसे येतात किंवा एकही येत नाही. कागदी टरफलाचे काडतूस पावसाळ्याच्या दमटपणाने फुगते. कधी दोष हाताचाही असतो. घाईत मूठ पूर्ण मागे ओढलीच जात नाही. बंदूक रिकामी करून केलेली साफसफाई आणि कोरडी, नवी काडतुसे एवढ्यावर यांतील पुष्कळ तक्रारी मिटतात. जुनी बंदूक ६५ मिलिमीटरच्या काडतुसासाठी घडवलेली असताना तीत ७० मिलिमीटरचे घालणे मात्र जिवावर बेतू शकते. ते आत बसते, हीच त्यातली फसवणूक आहे.

झिजलेली पट्टी वा स्प्रिंग बदलायची झाली की गाडे अडते. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या तेराव्या कलमाने पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक, आणि ती अपुरी ठरेल तेथे गुळगुळीत नळीची अन्य बंदूक देण्याची सोय केली. त्याच कायद्याच्या पाचव्या कलमाने शस्त्रदुरुस्तीचा धंदा परवान्याखाली आणला. यात गैर काही नाही. गावच्या लोहाराने बंदुकीला हात लावू नये हे योग्यच. परंतु परवानाधारक कारागीर गाठायचा तर नागपूरसारखे शहर, म्हणजे बुडालेली मजुरी, एसटीचे भाडे आणि बंदूक वाहून नेण्याची धास्ती. दहा-वीस रुपयांच्या सुट्या भागासाठी एवढा खर्च कोण करील? साहजिकच बंदूक भिंतीला टांगलेली राहते आणि सरकारी दप्तरात ती चालू परवाना म्हणून मोजली जाते.

मग कास्तकार स्वस्त पर्यायाकडे वळतो. कुंपणाच्या तारेत वीजप्रवाह सोडणे बेकायदा आहे, पण त्याला ना परवाना लागतो ना कारागीर. त्या तारेला डुक्कर आणि माणूस यांतला भेद कळत नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये बोर अभयारण्यात आणून सोडलेली वाघीण याच जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यात अशाच तारेने मेली. सौरकुंपण आणि नुकसानभरपाई हवीच; बंदूक हा त्यांना पर्याय नव्हे. डुक्कर मारायचे तर वन्यजीव कायद्याच्या अकराव्या कलमाखालची परवानगीही वेगळी लागते. सेवाग्रामच्या जिल्ह्यात बंदुकीची भाषा कोणाला खटकेल. पण माकडांच्या उपद्रवाविषयी १९४६ साली ‘हरिजन’मध्ये लिहिताना गांधीजींनी पीक राखणाऱ्या शेतकऱ्याची अडचण नाकारली नव्हती.

शासनाने येथे करावयाचे काम खर्चाचे नाही. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली. एवढ्या काळात एकदाही बंदूक जाणकाराच्या नजरेखालून जात नसेल, तर नूतनीकरण ही केवळ शिक्क्याची कसरत ठरते. खरिपाच्या पेरण्या आटोपल्यावर तहसीलच्या गावी एक दिवस परवानाधारक कारागिराला बोलवावे, पोलिसांच्या देखरेखीखाली बंदुका तपासाव्यात आणि निरुपयोगी ठरतील त्या तेथेच जमा करून घ्याव्यात. काडतुसांची विक्रीही त्याच दिवशी, बंदुकीचे माप पाहून व्हावी. निवडणुकीतही थोडा विवेक हवा. २०२४ ची विधानसभा निवडणूक ऑक्टोबर-नोव्हेंबरात, म्हणजे तूर उभी आणि हरभरा पेरणीत असताना झाली. अशा वेळी शस्त्रे जमा करण्याचे आदेश काढताना पीकरक्षणाच्या परवान्यांची छाननी वेगळी करावी. जी बंदूक ठाण्यात ठेवणे भागच असेल ती तेल देऊन, कोरड्या जागी ठेवावी आणि तिची स्थिती पावतीवर लिहून द्यावी.