महाकालाचे मंदिर आणि आपले घड्याळ

माघ वद्य चतुर्दशीला वांगणीच्या स्थानकावर बेलाच्या पानांची पुडी आणि पाण्याचा तांब्या घेतलेली कुटुंबे अंबरनाथच्या गाडीची वाट पाहत उभी असतात. गाडीस चार मिनिटे उशीर झाला तरी आम्हां सर्वांचा जीव कासावीस होतो. थोड्याच वेळाने आम्ही ज्या शिवमंदिरापुढे हात जोडतो, त्याच्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, हा काळ नोंदलेला आहे. चार मिनिटांसाठी तळमळणारे मन साडेनऊशेहून अधिक वर्षे उभ्या असलेल्या पाषाणापुढे नतमस्तक होते, यात मोठा बोध आहे.

ज्या वास्तूत आपण वावरतो, ती आपणांस काळ मोजावयास शिकविते. १८५६ साली आगगाडी कल्याणच्या पुढे घाटाच्या पायथ्याकडे धावू लागली आणि या गावांच्या दिवसाचे हळूहळू मिनिटांत तुकडे झाले. त्या आगगाडीनेच आमच्या घरांत अन्न आणि मुलांना शिक्षण दिले. तिला दोष देणे कृतघ्नपणाचे होईल.

परंतु शिलाहारांच्या कारागिरांनी काळाचे दुसरे माप दगडात कोरून ठेवले आहे. हे मंदिर भूमिज शैलीचे आहे. या शैलीत शिखरावर एकाच घडणीच्या लहान शिखरांच्या ओळी एकीवर एक चढत जातात. क्षणांचा दिवस, दिवसांचे वर्ष आणि वर्षांचे युग व्हावे, तसे लहानातून मोठे उभे राहते. सभामंडपातून पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जावे लागते. माथ्यावर शिखराचा वरचा भाग आज नाही. तेथून आकाश दिसते. खाली महादेवाची पिंडी, वर तारे, आणि घड्याळाची आठवणही नाही!

शिवरात्रीची पूजा चार प्रहरांची, आणि तिचे मर्म निशीथकाळात. रात्रीचे बारा वाजले की निशीथ आला, असे पुष्कळांना वाटते. वास्तविक आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची, तर वांगणी त्र्याहत्तर रेखांशाच्या जरा पूर्वेस. त्यामुळे येथील मध्यरात्र घड्याळाच्या बारानंतर सरासरीने ३७ मिनिटांनी होते. माघ-फाल्गुनात तर ती पाऊण तासाहूनही पुढे जाते. पंचांगकर्ते हे जाणतात, म्हणून निशीथकाळ बारानंतर दिलेला असतो. आम्ही मात्र तो छापील आकडा वाचतो आणि आकाशाकडे पाहत नाही.

पाहणार तरी कोठून? जुन्या घराला अंगण होते, तुळशीवृंदावन होते. संकष्टीला चंद्र उगवला की नाही, हे घरातील आजी ओट्यावरून सांगत असे. आज वांगणीतही इमारती उभ्या राहत आहेत. माणसांना निवारा हवाच. परंतु बहुतेक इमारतींच्या गच्चीला कुलूप असते आणि भोवती रात्रभर दिव्यांचा लखलखाट. याच वांगणीत खगोल मंडळाचे आकाशप्रेमी अंधाराच्या ओढीने येऊन ताऱ्यांखाली रात्र जागवीत आले आहेत. त्यांचे ते जागरण आणि आमचे हे जागरण यांत आम्हांस फारसे अंतर दिसत नाही. अंधार गेला, तर दोन्ही जागरणे पोरकी होतील.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. नवे घर वा मंदिर बांधताना संगमरवर कमी लागला तरी चालेल, पण जेथून आकाश दिसेल असे हातभर अंगण राखावे. शिवरात्रीला गच्चीचे कुलूप काढावे, निशीथकाळी बाहेरचे प्रखर दिवे मालवावेत आणि मुलाबाळांना जवळ घेऊन समईच्या उजेडात नामस्मरण करावे. ज्याला आपण महाकाल म्हणतो, त्याच्यासाठी आपल्या घरात घटकाभर काळ आणि ओंजळभर आकाश नसेल, तर बेलाच्या लक्ष पानांनीही ती उणीव भरून निघणार नाही.