गवाक्षाची जागा

शेलू स्थानकावर कर्जतकडे जाणाऱ्या गाडींत चढलों, कीं उजवीकडील खिडकी धरावयाची, असा आमचा जुना परिपाठ आहे. कारण माथेरानचा डोंगर त्या हातास राहतो. कल्याणकडे जातांना तोच डोंगर डावीकडे येतो. डोंगर हललेला नसतो, आपलें तोंड फिरलेलें असतें. ही गोष्ट बालबोध खरी. परंतु तिचा विसर पडला म्हणजे काय होतें, तें वाचकांपुढें मांडावयाचें आहे.

सांप्रत विमानाचें तिकीट काढतांनाच जागा निवडतां येते. देशांतल्या देशांत जाणाऱ्या पुष्कळ विमानांत एका रांगेंत तीन-तीन अशा सहा जागा असतात. पुढें तोंड करून बसलें असतां डाव्या खिडकीच्या जागेस ‘ए’ व उजवीच्या जागेस ‘एफ’ हें अक्षर असतें. मधल्या रांगांतून खालीं पाहूं गेल्यास पंखच आडवा येतो. पंखालगत मागें बसल्यास इंजिनांतून निघणाऱ्या उष्ण वायूनें दृश्य थरथरतें. सबब पंखाच्या बऱ्याच पुढें बसावें, आणि जें पाहावयाचें तें कोणत्या दिशेस व सूर्य कोणत्या दिशेस, हें नकाशावरून आधीं ठरवावें.

दिल्लीहून बागडोगऱ्यास जाणारें विमान पूर्वेकडे जातें. हिमालय उत्तरेस, म्हणजे डावीकडे. हिवाळ्यांत सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्यानें डोळे दिपण्याचें भयही त्या बाजूस नाहीं. आकाश निरभ्र असल्यास ८८४९ मीटर उंचीचें एव्हरेस्ट व ८५८६ मीटर उंचीचें कांचनगंगा, दोहोंचेंही दर्शन घडण्याचा संभव असतो.

गेल्या हिवाळ्यांत आम्ही सहकुटुंब त्या मार्गानें गेलों. ‘ए’ची खिडकी रीतीप्रमाणें नातवास मिळाली. परततांना ती आजीची, असें ठरलें होतें. नातवानें मोठ्या प्रेमानें पुनः तेंच अक्षर निवडलें, आणि आम्हींही बरें म्हटलें. विमान पश्चिमेकडे वळलें. हिमशिखरें उजवीकडील प्रवाशांस दिसूं लागलीं. आमच्या सौभाग्यवतींच्या वांट्यास दक्षिणेचें रखरखीत ऊन आलें. जन्मभर मुलांना दिशा शिकविलेल्या आम्हांस तोंड लपविण्यास जागा उरली नाहीं. त्या एवढेंच म्हणाल्या, “अहो, पुढच्या खेपेस डोंगरालाच सांगून ठेवा, बाजू बदलूं नकोस म्हणून!”

रघुवंशाच्या १३ व्या सर्गांत पुष्पक विमानांतून अयोध्येस परततांना राम सीतेला समुद्र, जनस्थान, गोदावरी, चित्रकूट क्रमाक्रमानें दाखवितो. आणि सीता कुतूहलानें गवाक्षांतून हात बाहेर काढून मेघाला स्पर्श करते. हा सर्ग आम्हीं अनेक वर्षें शिकविला. गवाक्षापाशीं सीता आहे, हें मात्र विमानांत बसेपर्यंत आमच्या ध्यानांत आलें नव्हतें. आमच्या घरांत चाळीस वर्षें खिडकी मुलांची, पुढें नातवंडांची. आणि डब्याची पिशवी मांडीवर घेऊन कडेला बसणें हें त्यांचें.

येत्या माघांत पुनः त्याच मार्गानें जाण्याचें योजिलें आहे. तिकिटें नकाशा पुढ्यांत ठेवून आम्हीं स्वतः काढविलीं: जातांना ‘ए’, येतांना ‘एफ’. दोन्ही खिडक्या त्यांच्याच. डब्याची पिशवी आम्ही सांभाळूं.