आशाताईचा मोबाइल आणि पुढची वाट

‘मोबाइलमुळे कर्करोग तपासणी घरोघरी’ हे पत्र वाचले. उत्साह पटला, हिशेब नाही. आशाताईच्या मोबाइलवरील ॲपमध्ये भरला जातो तो तिशीपुढच्यांसाठीचा प्रश्नांचा अर्ज. ती तपासणी नव्हे. काळू नदीपलीकडच्या पाड्यांवर रेंजसाठी आशाताई अंगणभर फिरते, आणि सासू समोर असली की ‘अंगावरून जाते का?’ याचे उत्तर ‘नाही’च येते. बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाच्या साथीने तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात झालेल्या, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एकाच एचपीव्ही चाचणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. कारण चाचणीमागे उपचारही होते. फोन तारखेची आठवण देईल, देऊ दे. पण बाईला तपासणीच्या टेबलापर्यंत नेणारी गाडी आणि तिथे हजर असलेली डॉक्टर आधी द्या.

– एक निवृत्त परिचारिका, मांडा-टिटवाळा