आकाशातून जात दिसत नाही

अमेरिकेत न्यूयॉर्कजवळ असलेल्या लेविटटाऊनचे विमानातून घेतलेले जुने फोटो पाहा. १९४७ ते १९५१ या काळात बटाट्याच्या शेतांवर सतरा हजारांहून अधिक घरे उभी राहिली. सारखी छपरे, सारखी अंगणे, वळणदार रस्ते. वरून पाहणाऱ्याला वाटेल, समता म्हणतात ती हीच!

आता करारपत्र वाचा. सुरुवातीच्या करारात कलमच होते : गोऱ्यांशिवाय इथे कुणी राहायचे नाही. अपवाद फक्त घरगड्यांचा. काळ्या माणसाचे कष्ट चालतात, शेजार चालत नाही. ओळखीचे वाटते ना?

हा एकट्या बिल्डरचा दोष नव्हता. गृहकर्जाला हमी देणारे सरकारी खातेच अशा अटींची शिफारस करत होते. १९४८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, अशा वर्णद्वेषी अटी न्यायालये अमलात आणणार नाहीत. तरीही १९५७ मध्ये पेनसिल्व्हेनियातील लेविटटाऊनमध्ये मायर्स हे काळे कुटुंब राहायला आले, तेव्हा जमावाने घरावर दगड मारले. घर विकताना-भाड्याने देताना वर्णभेद करण्यास बंदी घालणारा देशव्यापी कायदा १९६८ मध्ये आला, तोही मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात.

आपल्या गावातली रेषा आकाशातूनही दिसते. गाव एकीकडे, गावकुसाबाहेरची वस्ती दुसरीकडे. बाबासाहेबांनी गाव सोडून शहराकडे जायला सांगितले. आपण आलो. इथे मात्र ती रेषा जमिनीवरून कागदावर आणि जिभेवर गेली. "आडनाव काय?" "नॉनव्हेज खाता का?" की लगेच फ्लॅट 'कालच गेलेला' असतो.

२००५ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका गृहनिर्माण संस्थेचा 'सभासद फक्त पारशी' हा नियम वैध ठरवला. कारण काय, तर संघटना स्वातंत्र्य. उद्या याच तर्काने कुठलीही जात आपली भिंत कायदेशीर करू शकते.

"सोसायटी खासगी आहे," असे म्हणणाऱ्यांना विचारा, नोंदणी कोणाची? पाणी, रस्ता, ड्रेनेज कोणाचे? सगळे सार्वजनिक, मग भेदभाव तेवढा खासगी कसा? संविधानाच्या कलम १५(२) ने दुकान, हॉटेल, विहीर, पाणवठा खुला केला. घराचे दार त्यात नाही.

म्हणून मागणी एकच : घर विकताना, भाड्याने देताना आणि सभासद करून घेताना जात-धर्म पाहणाऱ्याला शिक्षा देणारा कायदा. तोवर नकार लेखी मागा, सोसायटीचे उपविधी वाचा, पुरावे जमवा. पाणवठ्यासाठी महाड झाले. आता घराच्या दारासाठी लढायचे आहे.

जय भीम!