शुद्ध अन्न कोणासाठी?

शालेय पोषण आहारात अंडे असावे की नसावे, या एका प्रश्नावर महाराष्ट्र शासनाने अवघ्या सव्वा वर्षात तीन भूमिका घेतल्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये मुलांना आठवड्यातून एकदा अंडे आणि जी मुले अंडे खात नाहीत त्यांना केळे किंवा स्थानिक फळ देण्याचा निर्णय झाला. दोनच महिन्यांनी, ज्या शाळेतील चाळीस टक्के पालकांचा विरोध असेल त्या शाळेत अंडी देऊ नयेत, असे ठरले. पुढे जानेवारी २०२५ मध्ये अंड्यासाठी शासन वेगळा निधी देणार नाही, शाळा व्यवस्थापन समितीला हवे असल्यास तिने ते लोकसहभागातून द्यावे, असा आदेश निघाला. मुख्याध्यापकांनी तीनही आदेश क्रमाने फायलीत लावले असतील आणि पुन्हा तांदूळ-डाळीचा हिशेब मांडावयास घेतला असेल.

या तीन आदेशांपैकी मधला आदेश अधिक विचार करण्याजोगा आहे. पैशाची अडचण सांगून एखादी योजना गुंडाळणे ही शासनाची जुनीच रीत होय. तिच्यात नवल नाही. परंतु ज्याला अंडे नको होते त्याला ते पहिल्याच आदेशाने टाळता येत होते आणि बदल्यात फळही मिळत होते. तेव्हा दुसऱ्या आदेशाचा अर्थ एवढाच उरतो, की शेजारी बसलेल्या मुलानेही ते खाऊ नये. आपल्या ताटाच्या शुद्धतेची हद्द दुसऱ्याच्या ताटापर्यंत नेण्याचा हा प्रकार आहे, आणि आपल्याकडे तो आजचा नाही.

‘शुद्ध’ हा आपल्या भाषेतला मोठा सोयीस्कर शब्द आहे. धामणगाव रेल्वेसारख्या वऱ्हाडातल्या कोणत्याही बाजारपेठेच्या गावी स्टेशनापासून चालत निघालेल्या माणसाला तो ठिकठिकाणी भेटतो. भोजनालयाच्या पाटीवर ‘शुद्ध शाकाहारी’ असते, तेथे त्याचा अर्थ मांस-मासळी नाही, एवढाच. तेलाच्या दुकानी ‘शुद्ध घाणीचे’ याचा अर्थ भेसळ नाही असा असतो. घरच्या आजीला विचारले तर स्नान करून, सोवळ्याने शिजविले ते शुद्ध. पुण्या-मुंबईस नोकरीला असलेला नातू दिवाळीला आला, की तो ‘क्लीन ईटिंग’ हा नवा शब्द सोबत आणतो. त्याच्या लेखी साखर, मैदा आणि कारखान्यातील पाकीटबंद पदार्थ वर्ज्य केले, की अन्न शुद्ध झाले. एकाच घरात ही माणसे एका पंक्तीला बसतात आणि प्रत्येकाला वाटते, की आपण एकाच गोष्टीबद्दल बोलत आहोत. याच रस्त्यावर कृषी सेवा केंद्रही असते. तेथील डबे आणि बाटल्या भोजनालयाच्या डाळीला, दुकानाच्या तेलाला आणि आजीच्या भाजीलाही पुरून उरलेल्या असतात. परंतु त्या दुकानावरून जाताना शुद्धतेचा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही.

शुद्धतेच्या या निरनिराळ्या कल्पनांपैकी सर्वांत जुनी, आणि माझ्या मते सर्वांत टिकाऊ, कल्पना स्पर्शाची आहे. अन्नात काय आहे यापेक्षा त्याला हात कोणाचा लागला, हे तिच्यात पाहिले जाते. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या चवदार तळ्याचे पाणी अस्पृश्य मानलेल्या माणसांनी प्याल्यावर त्या पाण्याची ‘शुद्धी’ पंचगव्याने करण्यात आली. पाण्याची ज्याने खरोखर हानी व्हावी असे शेण-गोमूत्र त्यात ओतून ते शुद्ध झाल्याचे मानण्यात आले, यातच या कल्पनेचा आरोग्याशी किती संबंध होता ते दिसते. त्याच वर्षी अमरावतीला अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा लढा सुरू झाला. त्यात डॉ. पंजाबराव देशमुख होते आणि नोव्हेंबरमध्ये तेथे भरलेल्या परिषदेचे अध्यक्षस्थान डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भूषविले होते. वऱ्हाडाला हा प्रश्न बाहेरून कोणी येऊन सांगावा, अशी स्थिती कधीच नव्हती.

किंबहुना या प्रश्नाचे वऱ्हाडी उत्तरही आपल्याच जिल्ह्यात तयार झाले. शेंडगावी जन्मलेले गाडगे महाराज गावात शिरले की आधी खराटा हाती घेत, गाव झाडून काढीत आणि मग मिळेल त्या घरची भाकरी मातीच्या गाडग्यात घेऊन खात. जागा घाण असेल तर ती झाडावी, परंतु भाकरी कोणाच्या चुलीवरची आहे हे विचारू नये, इतका सरळ त्यांचा हिशेब होता. देवापुढे बकरे-कोंबडे कापण्यास त्यांनी आयुष्यभर कडाडून विरोध केला, हे येथे मुद्दाम सांगावयास हवे. हिंसेचा निषेध करणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या हातचे अन्न विटाळलेले वाटलेच पाहिजे, असे मुळीच नाही.

घटनेने अस्पृश्यता नष्ट केली, १९५५ मध्ये कायदाही झाला. परंतु विटाळाची जुनी भावना नव्या वस्त्रांत परत येते. सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबईच्या आय.आय.टी.च्या एका वसतिगृहात काही टेबले शाकाहारी विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवण्यात आली आणि त्याचा निषेध म्हणून तेथे बसून मांसाहार करणाऱ्या विद्यार्थ्याला दहा हजार रुपये दंड झाला. मार्च २०२४ मध्ये झोमॅटो या कंपनीने केवळ शाकाहारी जेवण पोहोचविणाऱ्या पोऱ्यांना हिरवा गणवेश देण्याची घोषणा केली. बंद डब्यातील वरणाला दुसऱ्या बंद डब्यातील रश्शाचा विटाळ होतो, असाच याचा अर्थ होता. टीका झाल्यावर वेगळा गणवेश दुसऱ्याच दिवशी मागे घेण्यात आला. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात मराठवाड्यातील दलितांच्या चुलीवरचे पदार्थ नोंदविले आहेत. पाककृतींच्या पुस्तकांनी त्या पदार्थांना तोवर दारातच उभे केले होते.

भेसळीचा प्रश्न याहून साधा, पण खरा आहे. १९५४ च्या भेसळ प्रतिबंधक कायद्यापासून २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यापर्यंत शासनाने त्याची दखल घेतली आहे. मोहरीच्या तेलात धोत्र्याचे, म्हणजे पिवळ्या धोत्र्याचे, तेल मिसळल्याने १९९८ साली दिल्लीत माणसे दगावली, हे अनेकांना आठवत असेल. निदान या बाबतीत शुद्ध आणि अशुद्ध यांची कसोटी प्रयोगशाळेत लागते. जातीवर किंवा घराण्यावर लागत नाही.

नातवाच्या नव्या शुद्धतेला मी हसणार नाही. साखर आणि तळणे कमी करा, डाळी-भाज्या वाढवा, हा सल्ला कोणताही डॉक्टर देईल. मात्र वऱ्हाडात राहणाऱ्याला त्यातील एक गोष्ट टोचल्याशिवाय राहत नाही. ज्वारीची भाकरी, ठेचा, अंबाडीची भाजी, कण्या हे येथील गरिबाचे अन्न होते. पाहुणा आला की कण्यांचे भांडे झाकून ठेवले जाई. पुढे कापूस आणि सोयाबीन यांनी ज्वारीचे रान व्यापले, रेशनच्या दुकानात गहू-तांदूळ आले आणि मजुराच्या घरातील भाकरीची जागा पोळी-भाताने घेतली. ज्वारी बाजारात महाग झाली. मग २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्याचे वर्ष म्हणून साजरे केले आणि आता तीच ज्वारी आकर्षक पाकिटातून, आरोग्याचे अन्न म्हणून, शहरातल्या दुकानी दिसते. ज्यांनी ती पिढ्यानपिढ्या लाजत खाल्ली त्यांना आता ती परवडत नाही, आणि ज्यांना परवडते ते तिचा अभिमान बाळगतात.

परंतु या सर्व शुद्धतांमध्ये एक समान दोष आहे. स्पर्श पाहणारा असो, भेसळ पाहणारा असो की साखर मोजणारा असो, प्रत्येकाची दृष्टी जेवणाऱ्याच्या ताटावर खिळलेली असते. ताटाच्या पलीकडे, ज्या शेतात ते अन्न पिकले तेथे काय घडते, हे तिला दिसत नाही.

यवतमाळला जाणारे रेल्वेचे प्रवासी वर्षानुवर्षे धामणगावला उतरून पुढचा रस्ता धरीत आले आहेत. त्याच यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या आठवड्यांत कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मरण पावले आणि शेकडो माणसे रुग्णालयात दाखल झाली. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर वाढली होती. बोंडअळीच्या भीतीने एकात एक औषधे मिसळून मारली जात होती. उंच झाडावर मारलेला फवारा मारणाऱ्याच्याच तोंडावर, छातीवर उतरत होता. भर उकाड्यात, अंगात साधा सदरा आणि तोंडाला फार तर रुमाल, अशा अवस्थेत ही माणसे दिवसच्या दिवस पाठीवर पंप घेऊन फिरत होती. पाणी वाहून आणणे आणि औषध कालविणे हे काम पुष्कळदा बायांकडे असते. त्यांची गणना फवारणी करणाऱ्यांत होतच नाही.

त्या वेळी ज्या औषधांची नावे पुढे आली त्यांत मोनोक्रोटोफॉस हे एक होते. जागतिक आरोग्य संघटना त्याला अतिघातक विषांत गणते. भाजीपाल्यावर ते वापरण्यास केंद्र सरकारने २००५ सालीच बंदी केली होती. कापसावर मात्र त्याची मुभा कायम राहिली. याचा सरळ अर्थ वाचकांनी लावून पाहावा. भाजी खाणाऱ्याच्या पोटात हे विष जाऊ नये, एवढी काळजी शासनाने घेतली. ते मारणाऱ्याच्या कातडीतून त्याच्या रक्तात गेले तर त्याचे काय, हा विचार पुढची अठरा वर्षे झाला नाही. २०२३ मध्ये त्याच्या प्रचलित ३६ टक्के द्रावणावर बंदीचा आदेश निघाला, तोही असलेला साठा संपविण्यास मुदत देऊन.

कापूस हे काही खाण्याचे पीक नव्हे, असा बचाव कोणी केला तर वऱ्हाडात तरी तो टिकणार नाही. सरकीचे तेल निघते, त्यात भजी तळली जातात. सरकीची ढेप म्हशीला घातली जाते आणि तिचे दूध आपण पितो. बी.टी. वांग्याविषयी २०१० च्या आरंभी देशभर जनसुनावण्या झाल्या, त्यांतील एक नागपूरलाही झाली, आणि लगेच फेब्रुवारीत त्या वांग्यास स्थगिती मिळाली. बी.टी. कापसाला मात्र २००२ पासूनच परवानगी होती आणि त्याच्या सरकीचे तेल आपण त्या सुनावण्यांच्या काळातही खात होतो. त्या तेलाने काही अपाय होतो, असे माझे म्हणणे नाही. वांगे ताटात दिसते म्हणून त्याची चर्चा झाली आणि तेल दिसत नाही म्हणून झाली नाही, एवढेच मला सुचवावयाचे आहे.

शेतातील विष आणि शाळेतील ताट यांची गाठ एकदा फार भयंकर रीतीने पडली आहे. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन या गावी शाळेतील दुपारचे जेवण जेवून तेवीस मुले मरण पावली. तपासणीत अन्नाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस आढळले. त्या जेवणात अंडे किंवा मांस नव्हते. वरण-भात आणि भाजी, म्हणजे पाटीवर लिहावे असे ‘शुद्ध शाकाहारी’ जेवण होते.

आपल्याकडे पाकिटावर हिरवा ठिपका असतो आणि कीटकनाशकाच्या डब्यावर रंगीत चौकोनात विषाची प्रत दाखविणारा त्रिकोण असतो; सर्वांत जहाल विषाचा त्रिकोण लाल. पाकीट घेणाऱ्याला ठिपका पाहून ते परत ठेवण्याचे स्वातंत्र्य आहे. रोजंदारीच्या मजुराला लाल त्रिकोण पाहून पंप खाली ठेवता येत नाही.

बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर यांनी या कोंडीतून एक वाट दाखविली. शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन यांचे जीवामृत, आणि बाजारातून काहीही विकत न आणण्याचा आग्रह यांवर त्यांची शेती उभी आहे. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. उत्पन्नाबद्दलच्या त्यांच्या दाव्यांविषयी कृषिशास्त्रज्ञांनी शंका घेतल्या आहेत आणि त्या तपासल्या गेल्याच पाहिजेत. देशी गाईविषयीचा त्यांचा आग्रह मला शास्त्रापेक्षा श्रद्धेच्या जवळचा वाटतो. तथापि त्यांच्या पद्धतीत फवारणारा माणूस मरत नाही, हा गुण पद्धतीच्या विरोधकांनीही जमेस धरावयास हवा. ज्यांना ती झेपणार नाही अशा बहुसंख्य शेतकऱ्यांसाठी शासनाला करण्याजोगे पुष्कळ आहे: जहाल औषधांची विक्री कृषी अधिकाऱ्याच्या चिठ्ठीशिवाय होऊ न देणे, पंपाबरोबर हातमोजे-चष्मा देणे बंधनकारक करणे, प्राथमिक आरोग्य केंद्रात ॲट्रोपिनचा साठा ठेवणे आणि विषबाधेची रक्ततपासणी तालुक्याच्या ठिकाणी उपलब्ध करणे. यातील एकही गोष्ट अंड्याच्या वादाइतकी भावना चेतविणारी नाही. म्हणूनच बहुधा ती मागे पडते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील शंभर मुलांपैकी पस्तीस मुले वयाच्या मानाने खुजी आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडीच्या रांगेत आज जी मुले उभी राहतात, ती याच पाहणीच्या काळात वाढलेली आहेत, आणि वऱ्हाडात तरी त्यांतील बरीचशी शेतमजुरांची आहेत. लोकसहभागातून अंडी द्या, असा आदेश हाती घेऊन मुख्याध्यापक त्यांच्या आईबापांकडे वर्गणीसाठी जातील, तेव्हा शाळा सुरू होऊन दोन-तीन महिने झालेले असतील आणि ती माणसे पऱ्हाटीच्या शेतात फवारणीला गेलेली असतील.