कुणाच्या कुशीत झोपायचात?

नैराश्यावर बोलून उपचार होतात, ही गोष्ट लालबाग-परळमध्ये अजूनही मोठ्या लोकांचं खूळ समजली जाते. दादरला खासगीत तासाला दीड-दोन हजार रुपये मोजायचे, तेही दर आठवड्याला, आणि बोलायचं कशाबद्दल, तर लहानपणाबद्दल! आमच्या चाळीत हे सांगितलं असतं तर लोकांनी मला आधी चहा पाजला असता आणि मग सिद्धिविनायकाला धाडलं असतं. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. या उपचाराची गरज गिरणगावाइतकी फार कमी ठिकाणी असेल, आणि तो महापालिकेच्या दवाखान्यात, केसपेपरच्या पैशात मिळायला हवा.

माझा जन्म 1964 चा. वडील गिरणीच्या साचेखात्यात, आई वाइंडिंगला. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही आणि वडिलांचे दोन भाऊ. आईवडील दोघंही पाळीला गेले की पोर बघायला कुणी नाही. म्हणून अडीच वर्षांची असताना मला भाऊच्या धक्क्यावरून बोटीने मालवणला आजीकडे पोचवलं. यात जगावेगळं काही नव्हतं. आमच्या मजल्यावर गावाला एखादं मूल नाही असं बिऱ्हाड शोधावं लागलं असतं. आजीने पोस्टमास्तरांकडून लिहून घेतलेलं पत्र आईच्या ट्रंकेत शेवटपर्यंत होतं. आधी पोर रडली, जेवली नाही, आता रुळली आहे, काळजी नसावी.

पुढच्या मे महिन्यात आई आली तेव्हा मी आजीच्या लुगड्यामागे लपले. ‘गो, ही तुझी आवस,’ आजी म्हणाली. मी आईने आणलेली बिस्किटं घेतली आणि तिच्याकडे काही गेले नाही. हे मला आठवत नाही. आई सांगायची, हसत हसत, आणि सांगून झालं की उठून कसल्यातरी कामाला लागायची.

लंडनमध्ये जेम्स रॉबर्टसन यांनी 1952 साली एक साधी फिल्म केली होती. दोन वर्षांची मुलगी, आठ दिवस हॉस्पिटलात, बहुतेक वेळ आईविना, आणि या आठ दिवसांत ती कशी बदलत जाते, एवढंच त्यात आहे. रॉबर्टसन आणि मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी अशी पुष्कळ मुलं पाहून सांगितलं, की आपल्या माणसापासून तुटलेलं लहान मूल आधी आकांत करतं, मग खचतं आणि शेवटी अलिप्त होतं. या शेवटच्या टप्प्यावरचं मूल सगळ्यांना गुणी वाटतं. ते रडत नाही, कुणाकडेही जातं. आई आली की मात्र तोंड फिरवतं. आजीचं पत्र मला उमगलं ते हे वाचल्यावर.

अशा प्रत्येक मुलाला पुढे नैराश्य येतं असं नाही. माझा धाकटा भाऊही गावालाच वाढला आणि त्याला आजवर झोपेची गोळी लागलेली नाही. नैराश्याला कारणं अनेक असतात. माझ्या बाबतीत पन्नाशीच्या सुमारास मुलगी नोकरीसाठी बंगळुरूला गेली आणि घर बसलं. पहाटे तीनला डोळा उघडायचा तो उघडाच. बँकेत नोटा मोजताना मध्येच आकडा सुटायचा. बाजारातून सुरमई आणून ओट्यावर ठेवायची आणि साफ करायचं त्राण नाही म्हणून तशीच शेजारी द्यायची. (शेजारी खूश होते.) फॅमिली डॉक्टरांनी आधी बी-12 दिलं, मग अॅसिडिटीचं काहीतरी. घरचे म्हणत, मनाला लावून घेऊ नकोस.

शेवटी एका खासगी समुपदेशकाकडे गेले. बाई हुशार होत्या, पण फिरून फिरून आईवर यायच्या. आई प्रेम करायची का, आई रागवायची का. एक घर, त्यात एक आई, असा त्यांचा हिशेब असावा. पैसे संपले तेव्हा तिथे जाणं थांबलं आणि मी एका पालिका रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत रांगेत उभी राहिले. तिथल्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. हळूहळू झोप परतली, आणि ते उपकार मी विसरणार नाही. आज कुणी गोळ्या घेत असेल त्याने हा लेख वाचून त्या परस्पर बंद करू नयेत. तिथेच साताऱ्याकडच्या एक मानसशास्त्रज्ञ होत्या. त्यांनी पहिल्याच भेटीत विचारलं, ‘लहानपणी कुणाच्या कुशीत झोपायचात?’

‘आजीच्या.’

‘आणि तिला सोडून आलात तेव्हा तुम्हाला काय सांगितलं?’

काहीच नाही. सात वर्षांची झाले तेव्हा शाळेसाठी काकांनी आणलं. मुंबई बघायला चल, म्हणाले होते. आजी धक्क्यावर आलीच नाही, गोठ्यात गेली होती. मी आईसाठी रडत नव्हतेच कधी. माझी आई मालवणातच राहिली होती, आणि लालबागच्या खोलीत एक दमलेली, भली, अनोळखी बाई मला वेणी घालत होती. हे ऐकायला समोरच्या माणसाला गाव, पाळी आणि खोली ठाऊक असावी लागते.

पुढचं काम कंटाळवाणं होतं. आधी कागदावर दिवस आखायचा. सकाळी खाली उतरायचं, एकाशी बोलायचं, मासे आणले तर आपणच साफ करायचे. बोलणं त्यानंतर. एकदा मॅडम न सांगता रजेवर गेल्या, तर मी पुढच्या वेळी मुद्दाम गेलेच नाही. त्यांनी फोन केला, ‘मी आता येतच नाही असं वाटलं ना?’ मी फोनवर भांडले. माझ्या आयुष्यात कुणी निघून गेल्याबद्दल त्याच्याशीच भांडायची ती पहिली वेळ. उपचार झाला असेल तर तो तिथे.

माझी बहीण म्हणते, आई गेल्यावर तिच्यावर खापर कशाला? मी फोडतच नाही. 1920 च्या दशकात गिरणीतल्या बायका तान्ह्याला अफूची बाळगोळी देऊन कामावर यायच्या, मूल निजलेलं राहावं म्हणून. तेव्हाच्या पाहण्यांत याची नोंद आहे. 1948 च्या फॅक्टरी कायद्याने पाळणाघरं सक्तीची केली, पण गिरण्यांतून बायकाच कमी होत गेल्या. गावची आजी हे त्यामानाने फारच चांगलं पाळणाघर होतं. पण त्या पाळणाघराचा हिशेब कापड विकणाऱ्यांच्या वहीत कधी आला नाही. तो आमच्या पहाटे तीनच्या जागरणांत निघाला.

आता व्यवहाराचं. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्याच्या शंभरातल्या सुमारे पंचाऐंशी रुग्णांना उपचारच मिळत नसल्याचं दिसलं. 2017 च्या कायद्याने सरकारी सेवेतून मानसिक उपचार मिळणं हा हक्क केला. 14416 ही टेलिमानसची फुकट हेल्पलाइनही आहे, अडीनडीला जरूर फिरवावी. पण आठवड्याला त्याच माणसासमोर बसायची सोय कुठे आहे? एवढे मानसोपचारतज्ज्ञ आणायचे कुठून, असं विचारतात. उत्तर शेजारी गोव्यात आहे. विक्रम पटेल आणि ‘संगत’ संस्थेने तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत 495 रुग्णांवर प्रयोग केला. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवून तयार केलं आणि त्यांनी तीव्र नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ बैठका दिल्या. माझ्या दिवस आखायच्या कागदासारखंच त्यांचं तंत्र. तीन महिन्यांनी त्यांच्यातले 64 टक्के नैराश्यातून बाहेर होते. नेहमीच्या उपचारांवर हेच प्रमाण 39 टक्के होतं. 2017 साली ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं. लहानपणीच्या जुन्या तुटण्याला सहा बैठका पुरत नाहीत हे मी स्वतःवरून सांगते, पण माणूस अंथरुणातून उठतो, आणि उठलेल्याला पुढे पाठवता येतं.

2022 साली महापालिकेने ‘आपला दवाखाना’ सुरू केला. रक्तदाब, मधुमेह, ताप यांसाठी तिथे लोक जातात. तिथेच आठवड्यातून दोन संध्याकाळी शिकवून तयार केलेली एखादी परळची, शिवडीची बाई बसवा. निवृत्त बालवाडी शिक्षिका, आशा सेविका, गिरणी कामगाराची सून, कुणीही चालेल. तिला पगार द्या, मानधनाच्या नावाखाली राबवू नका, आणि तिच्यावर लक्ष ठेवायला रुग्णालयातला तज्ज्ञ नेमा.

हे जुन्या माणसांचं रडगाणं वाटत असेल तर आमच्या गल्लीपलीकडच्या टॉवरखाली सकाळी सातला उभं राहावं. गिरणीच्या जागेवरच तो उभा आहे. तिथे धुणंभांडी करायला येणाऱ्यांपैकी एकीची मुलगी लातूरकडे आजीपाशी आहे. रात्री व्हिडिओ कॉल लावला की मुलगी फोनकडे बघत नाही, मांजराशी खेळत राहते. ‘शहाणी आहे, मागे लागत नाही,’ असं आई सांगते. जूनमध्ये तिला पहिलीत घालायला इकडे आणणार आहे. मी म्हटलं, आजीलाही घेऊन ये, निदान गणपतीपर्यंत. खोलीचं भाडं वाढवेल मालक, म्हणाली. ते आपण बघू, पण पोरीला मुंबई बघायला चल असं सांगून आणू नकोस, म्हटलं.