पन्नाशीतही बोर्डावर

२०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्रिटनचा अँडी मॅकडोनाल्ड स्केटबोर्ड घेऊन उतरला, तेव्हा त्याला ५१ वर्षं पूर्ण होऊन जेमतेम आठवडा झाला होता. अंतिम फेरी हुकली. पण त्या वयात तिथवर पोहोचणं आम्हाला पदकाइतकंच मोलाचं वाटतं.

उडीनंतर खाली येताना सगळा भार घोटे, गुडघे आणि मांड्या झेलतात. वयाबरोबर स्नायू झडतात, दुखणं लवकर बरं होत नाही. म्हणून मांड्यांची ताकद आणि एका पायावरचा तोल नियमित कमवावा लागतो. पडण्याचाही सराव हवाच: रॅम्पवर तोल गेला की हात न टेकता गुडघ्यांच्या पॅडवर घसरत खाली यायचं.

चाळिशी ओलांडलेल्या वाचकांनो, बोर्ड माळ्यावर टाकू नका. आधी पाय तयार करा, हेल्मेट घाला आणि उतरा.